शेपट्या चावणारी डुकरं: दोष जनावराचा की खालच्या जमिनीचा?

रानवाट

मंडळी, वराहपालनावर इथे फारसे धागे दिसत नाहीत, म्हणून नवीन काढतोय.

माझ्याकडे वाढीच्या डुकरांचे चार कप्पे आहेत. खाली सिमेंटचा कोबा, रोज सकाळी पाइपने धुऊन काढतो. खाद्य चारही कप्प्यांत एकच, पिल्लं एकाच वयाची. तरी मधल्या दोन कप्प्यांत शेपट्या चावणं सुरू झालंय. एक जण सुरुवात करतो आणि रक्त दिसलं की बाकीचे मागे लागतात. टोकाच्या कप्प्यात मात्र सगळं शांत. तिथे वेगळं एवढंच की जाळीपलीकडे काडाची गंजी आहे आणि त्यातलं काड थोडं थोडं आत येत राहतं. ही मंडळी दिवसभर ते ओढत, चघळत बसतात.

तर प्रश्न असा: अंथरुणाने डुकराची वागणूक खरंच बदलते का? की जात, खाद्य, गर्दी हीच खरी कारणं आणि काड हा नुसता योगायोग? बदलत असेल तर काय घालावं, किती घालावं आणि उकाड्यात त्याचं काय करावं? ज्यांनी दोन्ही प्रकार केलेत त्यांनी सविस्तर लिहा. "डुकराला कसलं आलंय अंथरूण" म्हणणाऱ्यांनीही लिहा, फक्त कारण द्या.

खडूस_काका

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण अखेर चौपायांनाही लागू झाली म्हणायची.

(हलके घ्या. विषय चांगला आहे, वाचतोय.)

भुईकमळ

पशुवैद्यक आहे, म्हणून आधी तातडीचं सांगते. चावणारं डुक्कर ओळखून आजच बाहेर काढा. ते कप्प्यातलं सगळ्यात दांडगं असेलच असं नाही. बरेचदा एखादं लहानखुरं, मागे पडलेलंच शेपटीला चिकटलेलं असतं. चावलेलीही वेगळी ठेवा आणि जखमेवर उपचार करा. शेपटीची जखम वरून किरकोळ दिसते, पण तिथून जंतू मणक्यापर्यंत सरकतात, कण्यात गळू होतं आणि एक दिवस जनावर मागच्या पायांवर उठतच नाही. तेव्हा सगळे विचारतात, "पायाला काय झालं?" सुरुवात शेपटीत झालेली असते.

आता कारणाबद्दल. एकच कारण शोधू नका, ते सापडत नाही. उकरायला-चावायला काही नसणं हे मोठं कारण आहे, पण त्याच्या जोडीला गर्दी, गव्हाणीवर सगळ्यांना एकाच वेळी जागा न मिळणं, पाण्याच्या निपलला (तोंडाने दाबून पाणी प्यायच्या तोटीला) धार नसणं, मिठाची कमतरता, अमोनियाचा वास, दिवसा-रात्रीच्या तापमानातली मोठी तफावत, अंगावर येणारा वाऱ्याचा झोत, आधीचा एखादा आजार, यातलं काहीही असू शकतं. डुक्कर आधीच काठावर उभं असतं, यातलं एखादं कारण त्याला ढकलतं.

मधल्या कप्प्यांबद्दल तीन गोष्टी कळवा: वारा कुठून येतो, डुकरं झोपतात कुठे आणि हगतात कुठे. कप्प्याच्या मापापेक्षा मला या उत्तरांतून जास्त कळेल.

लोखंडी_पट्टी

वेगळा सूर लावतो. आमच्याकडे संख्या मोठी आहे, खाली फटींची फरशी (स्लॅट) आणि त्याखाली स्लरीची टाकी. अंथरूण शून्य. मल-मूत्र खाली पडतं, जनावर कोरडं राहतं, जंताचा त्रास कमी, माणसं कमी लागतात. काड टाकलं की फटी बुजतात, टाकीतला पंप अडकतो, वर उंदीर येतात ते वेगळंच. ओल्या सडक्या काडावर लोळणाऱ्या डुकरापेक्षा कोरड्या स्लॅटवरचं डुक्कर सुखी, हे माझं मत. अंथरुणाची भलामण करणाऱ्यांनी ते भरायला आणि उपसायला कोण येणार तेही लिहावं.

शेपट्यांचं म्हणाल तर आमच्याकडे पिल्लं लहान असतानाच छाटतो. विषय संपला.

अभ्यासू_मुंगी

लोखंडी_पट्टी, विषय तिथे संपत नाही. छाटल्यावर चावणं कमी होतं हे खरं, पण ज्यामुळे चावतात ते कारण जागच्या जागी राहतं. छाटलेल्या कप्प्यांतही मग कान, बगला आणि पाय चावले जातात.

प्राणीवर्तन हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून जरा लांबण लावते. एडिनबरा इथे स्टोल्बा आणि वुड-गश या दोघांनी पाळीव डुकरं झाडीझुडपांच्या, चिखलाच्या, मोठ्या कुंपणबंद आवारात सोडून त्यांचं निरीक्षण केलं. त्यांचा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. ही रानडुकरं नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या माणसाने पाळलेली नेहमीची जात होती. त्यांना वरून खाद्यही मिळत होतं. तरी दिवसाउजेडाच्या निम्म्याहून अधिक वेळ ती चरत आणि नाकाने जमीन उकरत होती. उरलेल्यातला बराच वेळ भटकण्यात, हुंगण्यात, नवीन काही दिसलं की त्याची झडती घेण्यात गेला. झोपायचं घरटं त्यांनी सामाईक केलं आणि शेण-मूत त्यापासून लांब ठेवलं.

आता हेच जनावर कोब्यावर आणा. खाद्य पंधरा-वीस मिनिटांत संपतं. पोट भरतं, पण उकरायची ऊर्मी भरत नाही. नाकाच्या टोकाला स्वतंत्र हाड आणि स्पर्शाची अतिशय तीव्र जाणीव असलेलं ते नाकाड दिवसभर करणार काय? कप्प्यात हलणारी, चावता येणारी, मऊ अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शेजाऱ्याची शेपटी किंवा कान. रक्त येईपर्यंत त्यात राग नसतो. सुरुवातीचं चावणं बहुतेकदा नुसतं चघळणंच असतं, समोरचंही फारसं तक्रार करत नाही. कातडी फाटली की चित्र बदलतं.

दुसरा प्रकार अचानक जोरात चावण्याचा. गव्हाणीवर जागा मिळत नाही म्हणून मागून पुढच्याची शेपटी धरून ओढायची. यावर काड फार उपयोगी पडणार नाही, तिथे गव्हाणच वाढवावी लागते. म्हणून रानवाट, तुमच्याकडे चावणं कधी होतं ते बघा: खाद्य टाकताना की दुपारी निवांत वेळी?

टिंबटिंब

+१ मुंगीताई. वाचनखूण साठवली.

निवांत

गादी पद्धत करतो. खाली तूस आणि लाकडाचा भुसा, गुडघाभर थर. वरचा थर ओला दिसला की उलथापालथ आणि त्यावर नवा थर. लोखंडी_पट्टींनी विचारलंय की भरायला-उपसायला कोण येणार. आम्हीच येतो, आणि काम आहेच, नाही म्हणत नाही. पण रोज धुण्याचं काम वाचतं हेही मोजा.

वागणुकीतला फरक डोळ्यांनी दिसतो. नवीन तूस पसरलं की एक-दोन क्षण सगळी थबकतात. मग एखादं भुंकल्यासारखा आवाज काढतं, मान झटकतं आणि कप्प्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळत सुटतं. मागोमाग बाकीची. मधेच थांबून नाक तुसात कानापर्यंत खुपसतात, फुर्रकन उडवतात, पुन्हा पळतात. वजनदार जनावर, पण उड्या पिल्लासारख्या. थोड्या वेळाने सगळं थंडावतं आणि मग तास-दोन तास शांतपणे उकरणं चालू. चावाचावी अगदीच नाही असं नाही, कप्पे एकत्र केले की भांडणं होतातच. पण शेपटीपर्यंत प्रकरण जात नाही.

त्रास उकाड्यात होतो. गादी आतून कुजते तशी तापते, हात खुपसला तर चटका बसावा इतकी. थंडीत हे वरदान आहे. हवा तापली की तीच डुकरं गादी सोडून पाण्याच्या निपलखालच्या ओल्या कोपऱ्यात एकमेकांवर पडतात. तेव्हा मी गादी पातळ करतो आणि कप्प्याचा एक भाग उघडा कोबा ठेवतो. ज्याला जिथे बरं वाटेल तिथे त्याने पडावं.

पावशेर

शंका आहे. डुक्कर हा प्राणीच घाणीत राहणारा ना? मग ओल्या कोपऱ्यात जाऊन पडलं तर त्यात नवल काय? त्याला तेच आवडतं.

भुईकमळ

पावशेर, हा समज इतका जुना आहे की कंटाळा न करता पुन्हा लिहावं लागतं. डुकराला उपयोगी पडेल इतका घाम येत नाही. गरम झालं की त्याच्यापुढे दोनच मार्ग: धापा टाकणं किंवा अंग ओलं करून वाऱ्याने थंड होणं. मोकळ्यावर असेल तर चिखल शोधतं, कारण चिखलातलं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा सावकाश सुकतं आणि जास्त वेळ गारवा टिकतो. कप्प्यात चिखल नसतो, ओली जागा एकच, स्वतःच्या मूत-शेणाची. नाइलाजाने तिथे पडतं. हवा गार करा, तेच डुक्कर कोरड्या जागी झोपेल आणि हगायला लांबच्या कोपऱ्यात जाईल. अगदी लहान पिल्लंसुद्धा झोपायची जागा सोडून कडेला जातात.

म्हणूनच मी वर विचारलं होतं की झोपतात कुठे. डुकरं कशी पडलीत हे बघणं म्हणजे फुकटचा थर्मामीटर. एकमेकांवर रचून, पाय पोटाखाली घेऊन पडली असतील तर गारठतायत. अंगाला अंग लागलेलं पण एका कुशीवर सैल पडली असतील तर ठीक. एकमेकांपासून फटकून, पाय ताणून, ओल्यात पडली असतील तर उकडतंय.

अंथरुणाचा संबंध इथेही आहे. गार कोबा पोटातली ऊब खेचून घेतो. त्याच हवेत, त्याच तापमानात काडावर पडलेल्या डुकराला कितीतरी उबदार वाटतं आणि ओल्या कोब्यावर पडलेल्याला कितीतरी गार. भिंतीवरच्या थर्मामीटरला हा फरक कळत नाही.

खडूस_काका

म्हणजे स्वभावाने स्वच्छ, परिस्थितीने मळलेला. अशी दोन-तीन माणसं मला माहीत आहेत.

सांजसावली

वाढीच्या डुकरांवरच बोलणं चाललंय, मी विणाऱ्या मादीचं सांगते. अंथरूण पाहिजे की नको याचा निकाल मला तिथे लागलेला दिसतो.

आमच्याकडची एक पहिलारू मादी विण्याच्या आदल्या दिवशी विणीच्या अरुंद, सळ्यांच्या पिंजऱ्यात होती, खाली काहीच नव्हतं. संध्याकाळपासून तिने पुढच्या खुराने कोबा खरवडायला सुरुवात केली. खर्र, खर्र, थांबायची, पुन्हा खर्र. मग सळी तोंडात धरून चावायची, उठायची, बसायची, पुन्हा उठायची. तोंडाला फेस. मला वाटलं पोट दुखतंय. शेजारच्या अनुभवी बाई म्हणाल्या, "तिला घर करायचंय, दे काहीतरी." मागचं दार उघडून तिला मोठ्या कप्प्यात सोडलं आणि वावभर काड टाकलं. तिने एकेक घास तोंडात धरून कोपऱ्यात नेला. तो ठेवायची, नाकाने आत लोटायची, गोल फिरून बघायची, पुन्हा घास आणायला यायची. मधे एकदा पोत्याचा तुकडा सापडला तर तोही नेला. शेवटी त्या ढिगात खोलगा करून आडवी झाली ती पिल्लं होईपर्यंत फारशी उठली नाही.

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः स्लॅटवर जन्मलेली होती.

अभ्यासू_मुंगी

सांजसावली, हे निरीक्षण पुस्तकात शोभेल असं आहे. घरटं बांधणं विण्याच्या साधारण एक दिवस आधी सुरू होतं आणि शेवटच्या बारा ते सहा तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. सुरुवात शरीरातल्या संप्रेरकांमुळे होते, म्हणून काड असो वा नसो, मादी ते करणारच. पण थांबणं बऱ्याच अंशी बाहेरून ठरतं: घरटं झालं, पोटाला-सडांना मऊ लागलं की ती थांबते. कोब्यावर "झालं" असा निरोपच मिळत नाही, म्हणून खरवडणं आणि सळ्या चावणं चालूच राहतं, काही वेळा वीण सुरू असतानासुद्धा.

लोखंडी_पट्टी

घरटं वगैरे ऐकायला गोड आहे, पण पिंजरा काय आम्ही हौसेने लावतो का? मोठी मादी धपकन बसली की खाली पिल्लू चिरडतं. पिंजऱ्यात ती हळूहळू, दांड्यांना टेकून बसते म्हणून पिल्लं वाचतात.

भुईकमळ

मुद्दा खरा आहे, पण अर्धा. स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड इथे विणीच्या पिंजऱ्यांत मादी कायम कोंडायला परवानगी नाही आणि तिथे डुकरं वाढतातच. स्वित्झर्लंडमधल्या शेकडो फार्मांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मोकळ्या कप्प्यात चिरडून मरणारी पिल्लं जास्त, पिंजऱ्यात इतर कारणांनी मरणारी जास्त, आणि एकूण मर्तुक जवळपास सारखी निघाली. मात्र यासाठी कप्पा मोठा लागतो, भिंतीलगत पिल्लांना सटकायला आडव्या दांड्या लागतात आणि पिल्लांचा उबदार कोपरा वेगळा लागतो. आहे त्याच पिंजऱ्याचं नुसतं दार उघडलं तर चिरडणारच.

उबदार कोपऱ्याचं कारण साधं आहे. नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंश हवेत, आईला १८-२० च्या आसपास बरं वाटतं. एकाच खोलीत दोघांचं जमवायचं म्हणजे पिल्लांना दिव्याखाली कोरडं, जाडसर अंथरूण आणि आईला गार बाजू. तो कोपरा उबदार नसेल तर पिल्लं ऊब शोधत आईलाच चिकटून झोपतात, आणि मग चिरडली की दोष आईवर.

टिंबटिंब

अवांतर: एक फुटबॉल टाकून बघा की कप्प्यात. मी एक चित्रफीत पाहिलेली, डुकरं मस्त खेळत होती.

निवांत

चित्रफीत पहिल्या दिवशी काढलेली असणार. :-) बॉल दोन दिवस, तिसऱ्या दिवशी शेणात माखलेला, चौथ्या दिवशी कोणी हुंगतही नाही. लटकवलेल्या लोखंडी साखळीचंही तेच. साखळीपेक्षा ताग किंवा सुती दोर बरा, कारण तो चावून तुटतो, तंतू निघतात. मऊ लाकडाचा ओंडकाही चालतो. जे चावून संपतं त्यात त्यांना रस. आपल्याला खर्च वाटतो तीच त्यांची मजा.

अभ्यासू_मुंगी

निवांत यांनी अनुभवावरून लिहिलंय तेच युरोपीय संघाच्या नियमांतही आलंय. २००८ च्या निर्देशानुसार डुकरांना उकरायला आणि हाताळायला पुरेसं साहित्य कायम उपलब्ध हवं; उदाहरणादाखल काड, गवत, लाकूड, लाकडाचा भुसा, अळिंबीचं खत, पीट (दलदलीतली कुजकी माती) यांची नावं तिथे आहेत. पुढे २०१६ च्या शिफारशीत चांगलं साहित्य कोणतं तेही सांगितलं: खाता येईल, चघळता येईल, तपासता येईल आणि ज्याचा आकार बदलता येईल असं. साखळी यातल्या बहुतेक कसोट्यांवर नापास होते.

शेपट्या सरसकट छाटू नयेत हेही त्याच निर्देशात आहे.

पावशेर

आणि पाळतात का तिकडे?

अभ्यासू_मुंगी

बहुतेक देशांत छाटणं चालूच आहे, हे युरोपीय आयोगाच्या पाहण्यांतही वारंवार आलंय. स्वीडन आणि फिनलंड मात्र पूर्ण शेपटीने डुकरं वाढवतात. तिथे काडही देतात, गव्हाणीवर जागाही जास्त असते. नुसत्या कायद्याने शेपटी वाचत नाही.

अजून एक प्रयोग सांगते, मग थांबते. न्यूकॅसल विद्यापीठातला, २०१२ सालचा. डुकरांना शिकवलं की एक आवाज आला की सफरचंद मिळणार आणि दुसरा आवाज आला की नावडतं काहीतरी होणार, प्लास्टिकची पिशवी तोंडासमोर खुळखुळणार. मग दोन्हींपेक्षा वेगळा, अर्थ न लागणारा तिसरा आवाज ऐकवला. काड आणि जास्त जागा मिळालेली डुकरं "काहीतरी चांगलंच असेल" अशा थाटात पुढे आली. ओक्याबोक्या कप्प्यातली बहुतेक मागेच राहिली. तीच डुकरं कप्पे बदलल्यावर उत्तरही बदलायची. रानवाट यांच्या पहिल्या प्रश्नात "जात की अंथरूण" होतं ना, त्याला हे बऱ्यापैकी उत्तर आहे.

लोखंडी_पट्टी

मुंगीताई, आशावादी डुकराचं वजन किती वाढलं तेवढं सांगा.

अभ्यासू_मुंगी

वजनाचा तो प्रयोग नव्हता. :-)

पण चावलेलं, गळू झालेलं डुक्कर वजन वाढवत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

भुईकमळ

वजनापलीकडचं एक. बारीक दळलेल्या खाद्यावर वाढलेल्या डुकरांत जठराचे व्रण फार सापडतात. काड चघळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण कमी दिसतं, कारण जाड तंतू पोटातलं मिश्रण घट्ट धरून ठेवतात. गाभण माद्यांना मोजकंच खाद्य देतात, त्यामुळे त्या सतत भुकेल्या असतात. रिकामं तोंड चालवत राहणं, सळ्या चावणं हे त्यांच्यात जास्त दिसतं ते त्यामुळे. काड तिथे अंथरूण कमी आणि चारा जास्त आहे.

पण कुठलंही काड चालत नाही हेही ठळक लिहून ठेवा. बुरशी आलेलं काड किंवा तूस अजिबात नको. फ्युझॅरियम बुरशीचं झिअरॅलेनोन नावाचं विष असतं, त्याने लहान माद्यांचाही योनीमार्ग सुजून लाल होतो, माज अवेळी येतो, गर्भधारणा बिघडते. लोक महिनाभर नराला दोष देत बसतात. हातात घेऊन वास घ्या: कुबट वाटलं किंवा झटकल्यावर राखाडी धूळ उडाली तर शेडच्या दारातूनच परत. लाकडाचा भुसा घेताना तो रसायन लावलेल्या लाकडाचा नाही ना, ते विचारा. भुसा उघड्यावर, पक्ष्यांच्या विष्ठेखाली पडून राहिलेला नको. त्यातून पक्ष्यांच्या क्षयाचे जंतू येतात आणि कत्तलीनंतर मानेच्या गाठींत सापडतात.

रानवाट

सगळ्यांचे आभार. बराच वेळ शेडमध्ये बसून पाहिलं, आता भुईकमळताईंच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

चावणारं डुक्कर सापडलं. ताई म्हणाल्या तसंच, कप्प्यातलं किरकोळ. वेगळं काढलंय. चावणं खाद्याच्या वेळी नाही, दुपारी होतं. खाऊन झालेलं असतं, झोपही झालेली असते आणि मग उठून एकमेकांच्या मागे हुंगत फिरतात.

मधल्या दोन कप्प्यांत मागच्या दाराखाली चार बोटांची फट आहे. रात्री तिथून वारा थेट झोपायच्या जागेवर येतो. त्यामुळे ती पुढे, गव्हाणीजवळ गोळा होऊन झोपतात आणि मागे हगतात. टोकाच्या कप्प्याला तिथे भिंत आहे. म्हणजे काड आणि वारा दोन्ही फरक आहेत.

मुख्य प्रश्न उरतोच: किती काड? आणि रोज धुणं बंद करायचं का?

भुईकमळ

फट आजच बुजवा, वायुवीजन छताजवळून राहू द्या. जमिनीलगतचा झोत अंगावर येतो, वरचा नाही.

धुणं बंद नको, पण सगळा कप्पा ओला करू नका. झोपायची बाजू कोरडी ठेवा आणि तिथे काड टाका. हगायच्या बाजूला मुद्दाम थोडं पाणी शिंपडा. नवीन डुकरं सोडताना त्या कोपऱ्यात आधीचं थोडं शेण राहू दिलं तरी चालेल. ओलं, उजेडाचं, शेजारचा कप्पा दिसेल असं ठिकाण ती हगायला निवडतात. अंधारं, कोरडं, आडोशाचं झोपायला. तुम्ही सगळीकडे सारखं पाणी मारता तेव्हा ही खूण दररोज पुसून टाकता.

काड किती, तर उकरण्यासाठी रोज डुकरामागे मूठभरसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरं. डेन्मार्कमध्ये यावर बरंच मोजमाप झालंय. तिथे काड वाढवत नेलं तसं चावाचावी कमी होत गेली, आणि साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास वाढीव काडाचा फायदा थांबला. अंथरूण म्हणून घालायचं तर याहून बरंच जास्त लागेल, ते हवामान बघून.

शेपटीकडे रोज लक्ष ठेवा. वळलेली, वर उचललेली असेल तर ठीक. चावाचावी उसळायच्या काही दिवस आधी कप्प्यातल्या शेपट्या खाली, मागच्या पायांत दाबलेल्या दिसायला लागतात. रक्त दिसण्याआधी हे दिसतं.

निवांत

एक जोडतो. दिवसाचं काड एकदम टाकू नका. सकाळी थोडं आणि दुपारी, चावायची वेळ व्हायच्या आत, थोडं. जुन्या, मळलेल्या ढिगाकडे ती बघत नाहीत, ताज्या मुठीवर तुटून पडतात. आणि एकाच जागी टाकू नका, पसरून टाका, नाहीतर त्यावरूनही दांडगाई होते.

लोखंडी_पट्टी

बरं, मला एक सांगा. स्लॅट तर मी काढू शकत नाही. फटी न बुजवता काड द्यायचं असेल तर कसं? खरंच विचारतोय.

निवांत

भिंतीवर जाळीचा रॅक लावा, डुकराला खालून एकेक काडी ओढून घ्यावी लागेल इतक्याच भोकांचा. रॅकखाली फटी झाकणारी रबरी चटई किंवा सपाट पत्रा, म्हणजे सांडलेलं तिथेच राहतं आणि ते नाकाने ढोसत बसतात. काड दोन-तीन बोटं लांबीचं कापून घ्या, जे फटीतून जाईल ते स्लरीत फार गुंता करत नाही. लांब काड मात्र पंपाला गुंडाळतं, तुमचं ते म्हणणं बरोबर आहे.

लोखंडी_पट्टी

एका कप्प्याला लावून बघतो. छाटलेल्या शेपट्यांवर काय फरक कळणार म्हणा, पण कान चावणं आमच्याकडेही आहे.

भुईकमळ

कान मोजा मग. लावण्याआधी एकदा मोजून ठेवा, नाहीतर नंतर कोणाचाच कोणावर विश्वास बसणार नाही. आणि रॅक लावण्याची जागा झोपायच्या बाजूला नको, झोपलेल्यांच्या अंगावरून येजा सुरू झाली की नवीन भांडणं.

खडूस_काका

कान मोजून दोनाने भागा, डुकरांची संख्या आपोआप येते.

रानवाट

:-) फट बुजवून झाली. पुढच्या गटातल्या एका कप्प्यात शेपट्या अजिबात न छाटता ठेवायचा विचार आहे. कोणी आधी केलं असेल तर गर्दी किती ठेवली होती ते लिहा.

सांजसावली

आम्ही केलंय. नेहमीपेक्षा डुकरं कमी ठेवली, दर डुकरामागे चौरस मीटरभर जागा येईल अशी, आणि गव्हाणीवर सगळी एकदम उभी राहतील इतकी लांबी. कप्प्यात मधोमध एक आडवी फळी उभी केली होती, पाठलाग झाला की मागे दडायला. आणि एकदा गट जुळला की त्यात नवीन डुक्कर टाकलं नाही, शेवटपर्यंत.